टोटल फुटबॉलची टोटल

बँकेत माणूस खुर्ची सोडून उठला की तीन प्रश्न निघतात. कुठे गेला? कधी येणार? आणि जाताना ड्रॉवरला कुलूप लावलंय का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत तरी बँक चालते. तिसऱ्याचं मिळालं नाही, तर चौकशी चालते. 'आपली जागा सोडू नये' हा उपदेश आम्हाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिळतो. खरं तर तो द्यायची गरज नसते. खिडकीतून रुमाल टाकून एस.टी.त जागा धरणाऱ्या समाजाला जागेचं महत्त्व काय सांगायचं!

अशा समाजातल्या, अशा नोकरीतल्या, बी. कॉम. झालेल्या माणसाने चाळिशी उलटल्यावर १९७४ सालच्या हॉलंडच्या फुटबॉल संघाच्या प्रेमात पडावं, याची टोटल आमच्या घरी अजून कुणाला लागलेली नाही. १९७४ साली मी जन्मलोही नव्हतो. फुटबॉलशी माझा संबंध म्हणाल, तर शाळेत असताना मैदानाबाहेर गेलेला चेंडू आणून देणं, एवढाच. पण मुलाने एकदा मोबाइलवर त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या जुन्या फिल्मा लावून दिल्या आणि मी चाटच पडलो. नारिंगी शर्ट घातलेली माणसं, आणि जो तो आपली जागा सोडून हिंडतोय! एकाच्याही ड्रॉवरला कुलूप नाही!

आणि हिशेब बघावा तर चोख. ती स्पर्धा पश्चिम जर्मनीत होती. अंतिम सामन्याच्या आधी हॉलंड सहा सामने खेळलं. केलेले गोल १४. खाल्लेला गोल १. आणि तो एक तरी परक्याचा? छे! बल्गेरियाविरुद्ध रुड क्रोल या त्यांच्याच बचावपटूचा पाय लागून चेंडू स्वतःच्या गोलात गेला. म्हणजे सहा सामन्यांत समोरच्या एकाही गड्याने त्यांच्यावर गोल केला नव्हता. अर्जेंटिनाला त्यांनी ४–० ने हरवलं, ब्राझीलला २–० ने. इतकी बेफिकीर दिसणारी शाखा आणि ऑडिटमध्ये एक शेरा नाही, हे बघून माझ्यातला कारकून अस्वस्थ झाला. कुठेतरी गोम असणार!

त्या खेळाला 'टोटल फुटबॉल' म्हणतात. रिनुस मिशेल्स हे त्यांचे प्रशिक्षक आणि योहान क्रॉयफ हा कप्तान. कागदावर संघ चारचौघांसारखाच: एक गोली, मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. पण शिट्टी वाजली की कागदाचं काम संपलं. उजव्या कोपऱ्यात मागे राहायचा तो सुरबीर धावत धावत पुढच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी पोचलेला. क्रॉयफ कागदावर सर्वांत पुढचा. तो मैदानाच्या मध्यात, कधी त्याहूनही मागे येऊन, हात लांब करून इतरांना दिशा दाखवत उभा. समोरच्याच्या पायात चेंडू गेला रे गेला की चार-पाच जण एकदम त्याच्यावर तुटून पडायचे, पेन्शनच्या दिवशी शटर वर गेल्यावर आमच्या एका काउंटरवर पडतात तसे.

शर्टावरच्या नंबरांवरून कोण कुठला ते कळावं, तर तीही सोय नाही. नंबर आडनावांच्या अक्षरक्रमाने दिलेले! १ नंबर गोलीला द्यायची जगाची रीत. इथे तो रुड गेल्स नावाच्या पुढच्या फळीतल्या खेळाडूला, आणि गोली यान योंगब्लुड ८ नंबरचा शर्ट घालून उभा. अपवाद फक्त क्रॉयफचा. त्याने आपला लाडका १४ ठेवला. या योंगब्लुडचं ॲमस्टरडॅममध्ये तंबाखूचं दुकान होतं. दुकानाबाहेर उभं राहायची सवय असावी, कारण गोल सोडून तोही बराच पुढे येऊन खेळायचा.

अंतिम सामन्यातल्या अकरा जणांत हे तिघे होते: विम सुरबीर, विम रेइस्बर्गेन आणि विम यान्सेन. पैकी दोघे मागच्या फळीतले आणि तिसरा मधल्या फळीत राहून मागचं सांभाळणारा. आमच्या सौ.ने ओट्यावरूनच शेरा मारला, ''नाव अगदी शोभतं. पुढच्यांनी जेवायचं आणि मागच्या विमने भांडी घासायची.''

मी हसलो. पण मग लक्षात आलं, मी दोन महिने ज्या गोष्टीपाशी अडलो होतो ती हिने भांडी लावता लावता सांगून टाकली होती.

टोटल फुटबॉलचं कौतुक करणारे बहुतेक लोक त्याला स्वातंत्र्य म्हणतात. ज्याला वाटेल त्याने वाटेल तिथे जावं! असं स्वातंत्र्य आमच्याही शाखेत काही जण उपभोगतात. ते अकरा वाजता चहाला जातात आणि साडेबाराला परत येतात. पण त्यांना कुणी 'टोटल' म्हणत नाही. म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही. दोघांत फरक काय? सुरबीर पुढे गेला की त्याने मागे टाकलेल्या मोकळ्या जागेत कुणीतरी येऊन उभा असायचा. कधी यान्सेन, कधी दुसरा कुणी. जाणाऱ्याने सांगितलं नाही, येणाऱ्याने विचारलं नाही. पण जागा भरलेली.

आम्ही कॉमर्सवाले याला ओळखतो. ही दुहेरी नोंद. नावे टाकलं की जमा टाकलंच पाहिजे. (ही पद्धत १४९४ साली व्हेनिसमध्ये पुस्तकात छापून जगापुढे मांडली ती लुका पाचोली नावाच्या एका ख्रिस्ती संन्याशाने. जमाखर्चाचं शास्त्र संन्याशाने सांगावं, यातही काही अर्थ असेल.) हॉलंडच्या संघात पुढे गेलेलं प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी नावे पडत होतं, आणि मागे आलेलं पाऊल जमा होत होतं. आपल्याला फक्त नावेची बाजू दिसते, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो.

आता तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? आपल्या खो-खोत हेच नाही का? नऊ जणांपैकी आठ बसलेले, एक पळणारा. पळणाऱ्याने पाठीमागून 'खो' दिला की बसलेला उठतो आणि खो देणारा मुकाट्याने त्याच्या चौकोनात बसतो. अगदी खरं. पण खो-खोत तो बसतो, कारण तसा नियमच आहे. न बसेल तर पंच शिट्टी मारील. फुटबॉलच्या नियमांत मात्र 'शेजारचा पुढे गेल्यास त्याची जागा भरावी' असं कलम कुठेही नाही. यान्सेन मागे आला नसता तर कुठल्याही पंचाला त्याचं काही करता आलं नसतं. माझ्या मते नीती नावाची गोष्ट सुरू होते ती इथे. शिट्टीच्या भीतीने जागा भरणं ही शिस्त. शिट्टी वाजणार नाही हे ठाऊक असून भरणं, ही नीती.

गंमत म्हणजे खुर्च्या आमच्याकडेही बदलतात. आज बचत खाती, चार महिन्यांनी कॅश, मग क्लिअरिंग. पण का बदलतात? एकाच खुर्चीत माणूस फार दिवस बसला तर खुर्चीखाली काय काय करील, नेम नाही म्हणून! स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोन माणसांकडे. एकाने नोंद करायची, ती पास दुसऱ्याने करायची. लोकांच्या पैशाला हेच योग्य आहे. याची थट्टा मी करणार नाही. पण बघा, बाहेरून दृश्य सारखंच. इकडेही माणसं जागा बदलतात, तिकडेही. इकडे अविश्वासापोटी, तिकडे विश्वासापोटी. आम्ही जागा सोडताना मागे वळून कुलूप तपासतो. सुरबीर न वळता पळत सुटायचा. माणसाची खरी श्रीमंती यावरून मोजावी असं मला कधी कधी वाटतं: त्याला किती वेळा मागे वळून बघावं लागतं?

यावर आमच्या हेड कॅशियरनी एक रास्त हरकत घेतली. म्हणाले, ''सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. बारभाईंची शेती ती! तुमच्या घरी दूध कधी उतू जातं? घरात एकटा माणूस असताना नव्हे. पाच जण असताना.'' हरकत बिनतोड होती. आमच्या घरी त्याच सकाळी पाच जण होते.

म्हणून मी उलट बाजूही तपासून पाहिली. ज्याने त्याने आपापली जागा धरून बसावं, हा स्वधर्म पाळला तर काय होतं? २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६–३ असं धुतलं. हंगेरीचा ९ नंबरचा खेळाडू हिदेगकुटी. ९ नंबर म्हणजे सर्वांत पुढे उभं राहायचं आणि इंग्लंडच्या मधल्या बचावपटूने त्याला अडवायचं, हे ठरलेलं. हिदेगकुटी पुढे उभाच राहिला नाही. मागे मध्यात जाऊन खेळू लागला. आता त्या इंग्लिश माणसाने करावं काय? त्याच्यामागे जावं तर आपली खिडकी उघडी पडते, जाऊ नये तर ग्राहक खिडकीवर येतच नाही. बिचारा दोन्हींच्या मध्ये राहिला आणि हिदेगकुटीने तीन गोल मारले. तेव्हा नुसती खुर्ची धरून बसल्याने दूध उतू जायचं थांबतं असं नाही. थांबतं ते कुणाचं तरी लक्ष असल्यावर. खुर्ची कुणाची का असेना.

मग ७ जुलै १९७४ उजाडला. म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये हॉलंड आणि पश्चिम जर्मनी समोरासमोर. खेळ हॉलंडने सुरू केला. चेंडू या नारिंगी पायाकडून त्या नारिंगी पायाकडे फिरत राहिला, मग क्रॉयफ मागून सुसाट निघाला, त्याला हॉनेसने पाडलं आणि इंग्लिश पंच जॅक टेलर यांनी पेनल्टी दिली. नीस्केन्सने गोल केला. दोन मिनिटं झाली नव्हती तोच १–०, आणि जर्मनांच्या पायाला अजून चेंडू लागायचा होता!

त्यानंतर सामना हळूहळू फिरला. २५ व्या मिनिटाला जर्मनीला पेनल्टी मिळाली आणि ब्राइटनरने बरोबरी केली. ४३ व्या मिनिटाला बॉनहॉफने उजवीकडून चेंडू आत दिला. तो गेर्ड म्युलरच्या जरा मागेच राहिला होता. तो वळला आणि वळता वळता मारला. २–१. दुसऱ्या अर्ध्यात गोलच झाला नाही. पहिल्या पंचवीस मिनिटांतला खेळ सगळ्या जगाला आवडला आणि कप जर्मनीने नेला.

आता ती बरोबरीची पेनल्टी कुणामुळे झाली, हे बघा. होल्झेनबाइन गोलाच्या चौकटीत शिरला, त्याला अडवायला जो आडवा गेला तो विम यान्सेन. होल्झेनबाइन खरंच पडला की मुद्दाम पडला, यावर हॉलंडमध्ये वर्षानुवर्षं वाद घातला गेला. मला त्या वादात शिरायचं नाही. मला दिसतं ते एवढंच, की स्पर्धाभर दुसऱ्यांच्या मोकळ्या जागा भरत हिंडणाऱ्या माणसाचं नाव ठळक अक्षरांत आलं ते या एका क्षणी. आमच्या कॅशियरचंही असंच आहे. वर्षभर कॅश जुळते तेव्हा 'बँकेची कॅश जुळली' म्हणतात. एक दिवस पाचशेची नोट कमी पडली की ती कॅशियरची कमी पडते. मागचं सांभाळणाऱ्याच्या खात्यात जमेला रकानाच नाही, फक्त नावे.

तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी जर्मनांचंच खरं, ज्याने त्याने आपलं काम करावं. वरवर तसंच वाटतं. क्रॉयफच्या मागे त्यांनी बेर्टी फोग्ट्स नावाचा गडी सोडला होता. त्याला काम एकच, क्रॉयफला सोडायचं नाही. पण त्याच संघाचा कप्तान बेकेनबाउअर हाही मुळात मागच्या फळीतला, आणि राजासारखा चेंडू घेऊन पुढे जायचा. लोक त्याला 'कैसर' म्हणजे सम्राट म्हणत. सम्राट पुढे गेल्यावर मागे कोण? हान्स-गेऑर्ग श्वार्झेनबेक. त्याला जर्मनीत काय म्हणत ठाऊक आहे? 'कैसरचा सफाईवाला'! म्हणजे हॉलंडमध्ये विम आणि जर्मनीतही विमच. हे वाचून दाखवल्यावर आमची सौ. काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी उठून माझं ताट घासून ठेवलं.

या श्वार्झेनबेकची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रुसेल्सला युरोपियन कपचा अंतिम सामना होता, बायर्न म्युनिक विरुद्ध आत्लेतिको माद्रिद. जादा वेळेचं शेवटचं मिनिट, बायर्न एका गोलने मागे, सगळं संपल्यात जमा. आणि जन्मभर मागे राहिलेला हा सफाईवाला चेंडू घेऊन पुढे निघाला आणि लांबूनच असा काही मारला की सरळ गोल! सामना बरोबरीत सुटला, दोन दिवसांनी पुन्हा खेळवला गेला आणि बायर्नने ४–० ने जिंकला. निवृत्तीनंतर श्वार्झेनबेकने म्युनिकमध्ये स्टेशनरीचं दुकान चालवलं. सम्राटांचे सफाईवाले शेवटी वह्या-पेन्सिलीच विकतात. पण तो पुढे धावला त्या क्षणी त्याची मागची जागा कुणी धरली असेल? बातमीत गोल मारणाऱ्याचं नाव येतं. जागा धरणाऱ्याचं छापायला वर्तमानपत्रात सदर नाही.

काही वर्षांपूर्वी माझे वडील तीन आठवडे इस्पितळात होते. रात्री भाऊ, दिवसा मी. मला रजा मिळाली. पण तुम्हाला सांगतो, रजेवर गेलेल्या माणसाचं काम कधी रजेवर जात नाही. वडील फार बोलणारे नव्हते. आयुष्यभर त्यांनी मला विचारलेले प्रश्न मोजून तीन: जेवलास का, पैसे आहेत का, गाडी किती वाजता. त्या तीन आठवड्यांत मात्र ते खूप बोलले. त्यांच्या गावाबद्दल, माझ्या आजीबद्दल, अर्धवट सोडलेल्या शिक्षणाबद्दल. दुपारी दोन ते चारमध्ये विशेष रंगात यायचे, म्हणजे बँकेत ऐन गर्दीच्या वेळी. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत.

दिवस झाल्यावर कामावर गेलो तो टेबलावर कागदांचा डोंगर असेल या तयारीने. टेबल लख्ख होतं. एक कागद तुंबलेला नाही, एक नोंद राहिलेली नाही. शिपायाने हळूच सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या मॅडम रोज सात-साडेसातपर्यंत थांबत होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरी त्या महिन्यात लग्नकार्य होतं. मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, ''तुमचं ते स्टेपलर अडकतं हो. नवीन मागवून घ्या.'' संपलं. माझ्या रजेची नोंद आहे. त्यांच्या थांबण्याची कुठेही नाही. वडिलांचं ते दुपारचं बोलणं मला त्यांनी दिलं, असं मी मानतो. आणि ते कुठल्या खात्यात जमा करायचं, हा प्रश्न बी. कॉम.ला कुणी शिकवला नव्हता.

परतफेड म्हणाल तर मॅडम पुढे निवृत्त झाल्या. त्यांची जागा भरायची वेळ माझ्यावर आलीच नाही. मी थांबलो ते दुसऱ्याच कुणासाठी. नवीन लागलेल्या एका पोराची बायको बाळंत होणार होती म्हणून. मॅडमना हे ठाऊक नाही आणि त्या पोराला मॅडम ठाऊक नाहीत. मग हिशेब जुळला की नाही? इथे हॉलंडचा संघ माझ्या मदतीला आला. सुरबीरची जागा यान्सेनने भरली म्हणून यान्सेनची सुरबीरच भरील असं थोडंच होतं! ती तिसराच भरायचा, त्याची चौथा. माणूस-माणूस खातं काढून बसलात तर एकाचंही जुळणार नाही. संध्याकाळी बँकेत जुळवायची असते ती शाखेची टोटल. ती जुळली की झालं. आपल्या शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं सांगितली. शेजारच्या टेबलाचं ऋण त्यांच्या नजरेतून सुटलं असावं. त्या काळी बँका नव्हत्या.

हॉलंडची टोटल मात्र जुळायला वेळ लागला. १९७८ सालीही ते अंतिम सामन्यात हरले, अर्जेंटिनाकडून. २०१० साली स्पेनशी हरले. तेव्हा तर धसमुसळा खेळ करून हरले आणि खुद्द क्रॉयफनेच त्यांना फैलावर घेतलं. विश्वचषक त्यांना अजून मिळालेला नाही. मधे एकदा, २५ जून १९८८ रोजी, त्यांनी सोव्हिएत संघाला २–० ने हरवून युरोपचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक तेच रिनुस मिशेल्स आणि मैदान तेच, म्युनिकचं. चौदा वर्षं थकलेल्या खात्यात निदान थोडंफार व्याज तरी जमा झालं. ॲमस्टरडॅमच्या मोठ्या स्टेडियमला २०१८ पासून क्रॉयफचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. एकाही विमचं नाव त्याला नाही. त्याबद्दल तिघांपैकी कुणाचीही तक्रार मी तरी वाचलेली नाही.

आपल्या मराठीत एक मोठी सोय आहे. कुणी पुढे गेला नाही की आपण म्हणतो, 'मागे राहिला.' मुलाच्या प्रगतिपुस्तकापासून स्वतःच्या बढतीपर्यंत या दोन शब्दांनी आपल्या घराघरात किती जणांची झोप उडवली आहे! पण त्याच ठिकाणी, तेवढ्याच अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला आपण आणखी एका शब्दाने ओळखतो. म्हणतो, 'पाठीशी उभा राहिला.' जागा तीच. बघणाऱ्याला तो मागे दिसतो. पुढे धावणाऱ्याला मात्र तो दिसतच नाही. आणि तरीही तो तिथे आहे हे त्याला ठाऊक असतं.